कडू भोपळ्याची कारागिरी

मराठी भाषेनें भोपळ्याला फारसा मान दिलेला नाहीं. परीक्षेंत शून्य पडलें कीं मुलाला भोपळा मिळाला असें म्हणावयाचें. कोणाचा गैरसमज दूर झाला कीं त्याच्या भ्रमाचा भोपळा फुटला. आणि दोघांचें मुळींच पटत नसलें म्हणजे त्यांचें विळ्याभोपळ्याचें सख्य. लेकीकडे जाऊन लठ्ठ झालेल्या म्हातारीला वाघा-कोल्ह्यांच्या तावडींतून घरीं पोहोंचविणारा भोपळा, एवढाच काय तो बालवर्गाच्या आदरास पात्र झालेला दिसतो. पण विचार केला तर त्या गोष्टींतील म्हातारीच अधिक शहाणी म्हटली पाहिजे. भोपळा हें केवळ भाजीचें फळ नव्हे. तें पोकळ, हलकें आणि टिकाऊ असें एक तयार पात्र आहे, हें तिनें ओळखलें होतें. कुंभाराचें चाक फिरूं लागण्याच्या पुष्कळ आधीं माणसानें जें ओळखलें तें हेंच.

प्रथम नांवांचा घोटाळा दूर केला पाहिजे. बाजारांत फोडी करून विकला जाणारा तांबडा भोपळा हा मूळचा अमेरिकेचा. कोलंबसानंतर तो इकडे आला. कोहळा निराळा, त्याचा पेठा होतो. ज्याच्या वस्तु होतात तो तुंबा अथवा कडू भोपळा. हा आणि आपला रोजच्या भाजींतला दुधी हे एकाच जातीचे असून शास्त्रज्ञ दोहोंना लॅजिनेरिया सिसरेरिया या एकाच नांवानें ओळखतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. तांबड्या भोपळ्याचें फूल पिवळें असतें व सकाळीं उमलतें. या वेलाचें फूल पांढरें असून तें संध्याकाळीं उमलतें आणि रात्रीं पतंग त्यावर येतात. माणसानें शेकडों पिढ्या निवड करून गोड व कोंवळा राहणारा तो दुधी केला, आणि जाड सालीचा, कडू, न खाण्याजोगा तो भांड्यांसाठीं राखला. कडवटपणा कुकर्बिटासिन नांवाच्या द्रव्यांचा असतो व तीं विषारी आहेत. एखादे वेळीं दुध्यांतही हा जुना कडूपणा उलटून येतो. हल्लीं सकाळीं दुध्याचा रस पिण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. रसाची चव किंचित् जरी कडू लागली तरी तो औषधी समजून गिळूं नये, ताबडतोब टाकून द्यावा. अशा रसानें माणसें गंभीर आजारी पडल्याचीं, क्वचित् दगावल्याचींही उदाहरणें आपल्या देशांत घडलेलीं आहेत.

हा वेल मूळचा आफ्रिकेचा. परंतु सुमारे दहा हजार वर्षांपूर्वींच तो आशियांत आणि अमेरिकेंतही माणसाच्या वापरांत होता असें उत्खननांवरून दिसतें. लोखंड नाहीं, चाक नाहीं, मोठीं जहाजें नाहींत, अशा काळीं एक आफ्रिकी फळ अटलांटिक महासागरापलीकडे गेलें कसें, हें कोडें विद्वानांना बराच काळ पडलें होतें. 1954 मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, खाऱ्या पाण्यावर सात महिन्यांहून अधिक काळ तरंगलेल्या भोपळ्यांतील बिया पुढें रुजल्या. म्हणजे भोपळा स्वतःच पोहत गेला असला पाहिजे, असें मत झालें. पुढें 2005 मध्यें आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षेवरून अमेरिकेंतील प्राचीन भोपळा आशियाच्या भोपळ्याला जवळचा आहे असा निष्कर्ष निघाला, व तो पहिल्या वसाहतवाल्यांनीं आशियांतून नेला असें ठरलें. नंतर 2014 मध्यें अधिक बारकाईनें तपासणी झाली तेव्हां पारडें पुन्हां फिरलें, आणि तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावरूनच लाटांबरोबर गेला हें मत बळकट झालें. साध्या भोपळ्यावरून साठ वर्षांत दोनदां मत बदलावें लागलें, यांत शास्त्राचा कमीपणा नाहीं. शास्त्र असेंच चालतें.

पेरूच्या किनाऱ्यावर हुआका प्रिएटा म्हणून एक प्राचीन टेकाड आहे. जूनियस बर्ड यांनीं 1946-47 मध्यें तेथें उत्खनन केलें, तेव्हां चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचे दोन लहान भोपळे सांपडले. त्यांच्या सालीवर माणसांचे चेहरे कोरलेले होते. भोपळ्यावर कोरण्याची ही कला त्या देशांत आजही जिवंत आहे. हुआन्कायो शहराजवळच्या खेड्यांत कारागीर सालीवर टोंकदार हत्यारानें रेघा काढतात, जळत्या काडीनें तिला तांबूस-काळी छटा देतात, आणि एका भोपळ्यावर सबंध गांवाची जत्रा उभी करतात. अर्जेंटिना, उरुग्वे व पाराग्वे या देशांत घरोघरीं प्यालें जाणारें माते नांवाचें पेय लहान भोपळ्यांतून नळीनें ओढून पितात. त्या पेयाला मिळालेलें नांव मुळांत भोपळ्याच्या पात्राचें आहे. चहाला आपण कपबशी म्हणूं लागलों तर जसें होईल तसेंच हें झालें. आफ्रिकेंतील गुराखी जमाती तर दूध ठेवण्यापासून तें घुसळण्यापर्यंत सर्व कामें तुंब्यांत करीत आल्या आहेत. अमेरिकेच्या उष्ण भागांत एका झाडालाही अशींच कठीण कवचाचीं फळें येतात व त्यांचींही पात्रें होतात. पण तें झाड निराळें, त्याचा आपल्या वेलाशीं संबंध नाहीं.

या सर्वांत चिनी माणसाची युक्ति विशेष म्हटली पाहिजे. फळ वाढून झाल्यावर त्याला आकार देण्याऐवजीं वाढत असतांनाच त्याला आकार द्यावयाचा, ही ती युक्ति. कोंवळा भोपळा आंतून नक्षी कोरलेल्या साच्यांत ठेवावयाचा. फळ फुगत फुगत साचा भरून काढतें, आणि साचा फोडला म्हणजे सालीवर वेलबुट्टी, अक्षरें, चित्रें आपोआप उठलेलीं असतात. कांग्शी बादशहाच्या काळीं (1661 ते 1722) राजवाड्यांतही असे भोपळे वाढविले जात. त्यांच्या वाट्या, फुलदाण्या व डब्या होत, आणि एक गमतीचा उपयोग म्हणजे गाणाऱ्या किड्यांचे पिंजरे. हिंवाळ्यांत रातकिडा अशा भोपळ्यांत घालून अंगरख्याच्या आंत उबेला ठेवीत आणि त्याचा आवाज ऐकत.

आपल्याकडे भोपळ्याचीं दोन रूपें सर्वांच्या ओळखीचीं. एक संन्याशाचा कमंडलु, आणि दुसरें सांगड. कोरड्या भोपळ्यांत हवा कोंडलेली असते व कवच पाणी चटकन् शोषीत नाहीं, म्हणून चार-सहा भोपळे दोरीनें एकत्र बांधले म्हणजे माणसाचें ओझें सहज तरतें. पूल नसलेल्या काळीं पावसाळ्यांत नदी उतरावयाची ती अशा सांगडीवरून. खेडोपाडीं मुलें पोहावयास शिकत तीं पाठीला सुके भोपळे बांधून. आज कोणी दोन विचारांची किंवा दोन कामांची सांगड घालतो, तेव्हां त्याला नदीही दिसत नसते आणि भोपळाही. पण शब्द तेथूनच आलेला आहे. बस्तरमधील आदिवासी माणूस रानांत जातांना पाणी किंवा पेज तुंब्यांत घालून खांद्याला अडकवी. मातीचें भांडें ठेचाळलें कीं फुटतें, धातूचें तापतें आणि जड होतें. तुंबा या दोन्ही दोषांपासून मुक्त आहे. आतां त्याची जागा प्लास्टिकच्या बाटलीनें घेतली, आणि तुंब्यावर तापलेल्या लोखंडानें नक्षी डागून त्याचे दिवे करण्याची कला शहरांतील दिवाणखान्यांकडे वळली.

भांडें करण्याची कृति घरींही साधण्यासारखी आहे. ज्यांच्या अंगणांत अथवा गच्चीवर दुध्याचा वेल आहे त्यांनीं एखादें निर्दोष, गोलसर फळ मुद्दाम राखून ठेवावें. मांडवावरून लोंबतें फळ सरळ मानेचें होतें. जमिनीवर टेकलेल्या फळाचें बूड चपटें होतें व तें न लवंडतां बसतें. घाई करणें ही येथें मुख्य चूक. फळ हिरवें असतांना तोडलें तर तें वाळण्याऐवजीं कुजतें. वेल सुकला, देठ तपकिरी व कडक झाला म्हणजेच दोन-तीन बोटें देठ ठेवून तें कापावें आणि सावलींत, वाऱ्यावर टांगावें. कडक उन्हांत ठेवल्यास साल तडकते. पुढच्या कित्येक आठवड्यांत सालीवर काळीपांढरी बुरशी येईल. तेव्हां पुष्कळ लोक फळ नासलें समजून फेंकून देतात. तसें करूं नये. कवच दाबून पाहावें. तें टणक असेल तर बुरशी केवळ वरची आहे, फडक्यानें पुसावी. बोट आंत गेलें तर मात्र तें टाकण्याच्याच योग्यतेचें. मोठ्या फळाला वाळण्यास तीन महिने ते सहा महिने लागतात. वजन अगदीं कमी झालें आणि हालविल्यावर बिया खुळखुळ वाजूं लागल्या म्हणजे काम झालें.

नंतर तें कोमट पाण्यांत भिजवून काथ्यानें घांसावें, म्हणजे वरचा पापुद्रा निघून खालचें गुळगुळीत, पिवळसर कवच उघडें पडतें. पेन्सिलीनें रेघ आंखून बारीक दांत्याच्या करवतीनें कापावें. विळीनें वा सुरीनें कापूं जाल तर कवच भलतीकडेच चिरेल. आंतील वाळलेला गर खरवडतांना नाकातोंडावर फडकें बांधणें अवश्य आहे, कारण ती धूळ घशाला फार झोंबते. मग कांचकागदानें कडा साफ करून बाहेरून थोडें जवसाचें तेल अथवा मेण चोळावें. एवढ्यानें धान्याचें माप, दोऱ्यांची डबी, बियाणें राखण्याचें पात्र किंवा चिमण्यांचें घरटें सहज होतें.

पाण्यासाठीं वापरावयाचा असेल तर कडूपणाचा प्रश्न येतो. तुकोबांच्या नांवानें एक गोष्ट सांगितली जाते. यात्रेला निघालेल्या मंडळींजवळ त्यांनीं एक कडू भोपळा दिला आणि आपल्या वतीनें त्यालाही प्रत्येक तीर्थांत स्नान घालण्यास सांगितलें. मंडळी परत आल्यावर त्याच भोपळ्याची भाजी करून वाढली, तर ती पूर्वींइतकीच कडू. गोष्टीचें तात्पर्य निराळें आहे. पण वस्तुस्थिति म्हणूनही ती अचूक आहे. अखंड फळावर वरून कितीही पाणी घातलें तरी आंतला कडूपणा जात नाहीं. तो घालवावयाचा तर फळ उघडून, गर नखाएवढाही न ठेवतां खरवडून, अनेक दिवस आंत पाणी भरून रोज बदलावें लागतें. एवढें करूनही पाण्याला कडू चव राहिली तर तें पात्र पिण्याकडे वापरूं नये.

परंतु भोपळ्याची खरी प्रतिष्ठा पाण्यांत नसून नादांत आहे. वारकऱ्याची एकतारी, गारुड्याची पुंगी, रुद्रवीणेच्या दांडीखालचे दोन तुंबे, हीं सर्व या एका वेलाचीं अपत्यें. डहाणू-जव्हारकडील वारली लोकांचा तारपा हें तर मुख्यतः भोपळा, बांबू आणि ताडाचें पान यांचेंच केलेलें वाद्य आहे. फुंकलेली हवा भोपळ्यांत सांठते, त्यांत बसविलेल्या दोन नळ्यांतून सूर निघतो, आणि ताडपत्राचा कर्णा तो दूरवर नेतो. तारपा वाजविणाऱ्याभोंवतीं फेर धरून सबंध पाडा रात्रभर नाचतो.

आणि मग मिरज. पटवर्धनांच्या संस्थानाच्या या राजधानींत शिकलगार समाजाचीं घराणीं तरवारींना धार लावण्याचें काम करीत असत. एकोणिसाव्या शतकांत संस्थानी शस्त्रांचा काळ संपला आणि त्यांचें काम बसलें. 1850 च्या सुमारास फरीदसाहेबांनीं वाद्यांच्या दुरुस्तीकडे व पुढें सतारी-तंबोरे करण्याकडे हात वळविला. त्यांचे वंशज आजही सतारमेकर या आडनांवानें ओळखले जातात. गांवाला गाण्याचें वेड होतें. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ विष्णु दिगंबर पलुसकर शिकले ते येथेंच, आणि 1937 मध्यें निवर्तलेले अब्दुल करीमखां यांचें वास्तव्यही येथेंच होतें. करणारा आणि पारखणारा एकाच गल्लींत राहत असले म्हणजे मालाचा कस कसा वाढतो, याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

मिरजेच्या कारागिराला लागणारा भोपळा मुख्यतः पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भीमेच्या कांठच्या शेतांतून येतो. पुरुषाच्या गळ्याच्या तंबोऱ्याला, जो सुमारें पांच फूट उंच असतो, मोठ्या घेराचा भोपळा लागतो. बायकी तंबोऱ्याला थोडा लहान. सतारीला आणखी निराळा. नुसता मोठा असून भागत नाहीं. कवच सर्वत्र सारखें जाड, बूड सुबक गोल, मान नेमकी, अंगावर डाग वा किडीचें भोंक नाहीं, असा पाहिजे. गाडीभर मालांतून उत्तम म्हणावेत असे थोडेच निघतात. कारागीर बोटाच्या टिचकीनें त्यांची परीक्षा करतो. आलेला माल महिनोन् महिने माळ्यावर पडून मुरतो. मग तो पाण्यांत भिजत घालून मऊ करतात, तोंडाकडचा भाग कापून गर काढतात, आणि ओल आहे तोंवर आंत काड्यांचे टेकू देऊन त्याला हवा तो आकार देऊन पुन्हां वाळवितात. त्याला तुनीच्या लांकडाचा गळा व पोकळ दांडी जोडावयाची, उघड्या तोंडावर किंचित् फुगीर अशी लांकडाची पातळ तबली बसवावयाची, सांध्यावर कोरीव पानें लावून सांधा झांकावयाचा, मग खुंट्या, मणके, घोडी, आणि शेवटीं लाखेचें रोगण. यांतील प्रत्येक काम वेगळ्या हाताचें आहे.

सर्वांत नाजूक काम जवारीचें. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसून अगदीं सूक्ष्म उतरता असतो. तार त्यावरून घसटत कंप पावते, आणि तारेखालीं सारलेला दोरा नेमक्या जागीं आला म्हणजे एका सुरांतून अनेक सूर उमलूं लागतात. आवाज भोपळाच काढतो ही समजूत मात्र बरोबर नाहीं. आवाज मुख्यतः तबलीतून बाहेर पडतो. भोपळ्याचें काम असें कीं, सांधा नसलेलें, लांकडाहून पुष्कळ हलकें पण ताठ असें कवच हवेचा मोठा कोठा बंदिस्त करतें आणि तारांची शक्ति वाया न घालवितां तबलीला मोकळें ठेवतें. एवढ्या मोठ्या गोलाईचें लांकूड कोरून काढावयाचें तर तें एक तर जड होईल नाहीं तर तडकेल.

हा धंदा आज अडचणींत आहे, आणि अडचण कारागिरीपेक्षां शेतांत अधिक आहे. भोपळ्याचें पीक जागा फार अडवितें, महिनोन् महिने शेतांत राहतें, आणि अवकाळी पाऊस झाला कीं तयार फळें जागच्या जागीं सडतात. त्याच पाण्यावर ऊस निश्चितपणें येतो. भोपळा घेणारे गिऱ्हाईक एकच गांव. तेथें मागणी घटली तर भाव पडतो आणि शेतकरी दुसऱ्या पिकाकडे जातो. शेतकरी गेला कीं चांगला भोपळा मिळेनासा होतो. काचतंतूचे तुंबे करून पाहण्यांत आले आहेत. त्याहून मोठी स्पर्धा विजेवर वाजणाऱ्या तंबोरापेटीची, आणि आतां खिशांतल्या टेलिफोनची. रोजच्या मेहनतीला पेटी सोयीची आहे हें नाकारणें व्यर्थ होय. ती उतरत नाहीं, लावावी लागत नाहीं, प्रवासांत फुटत नाहीं. परंतु पेटीवर वाढलेल्या विद्यार्थ्याला तंबोरा लावतां येत नाहीं, आणि तंबोरा लावणें हेंच स्वरज्ञानाचें पहिलें शिक्षण होतें. बैठकींत गवयाच्या मागें अजून तंबोरेच दिसतात, एवढा आधार आहे. 2024 मध्यें मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. त्यामुळें दुसरीकडच्या मालावर मिरजेचें नांव घालतां येणार नाहीं. भोपळा लावणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरांत त्यानें काय पडेल, हा प्रश्न मात्र त्या कागदांत येत नाहीं.

शहरांतील कितीतरी घरांत आजीच्या किंवा आत्याच्या वेळचा एखादा तंबोरा गवसणी घालून कोपऱ्यांत उभा असतो. तो तसा उभा ठेवूं नये. कोणाचा धक्का लागून पडला कीं पहिला फुटतो तो भोपळा. आडवा, जाड घडीवर, भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवावा, आणि तारा थोड्या उतरून ठेवाव्या. उंदीर व वाळवी यांवर डोळा ठेवावा. तडा गेला तर घरीं डिंक लावण्याच्या भानगडींत न पडतां फुटलेले सर्व तुकडे, अगदीं कपची सुद्धां, रुमालांत बांधून वाद्याबरोबर कारागिराकडे द्यावेत. तो आंतून कापडाची पट्टी चिकटवून तडा असा बुजवितो कीं रोगणाखालीं तो शोधावा लागतो. भोपळा फारच चुरडला असेल तर मात्र त्याच घेराचा दुसरा शोधून बसवावा लागतो, आणि तो मिळेपर्यंत वर्ष गेलें तरी तक्रार करूं नये. तो अजून भीमेकांठीं वेलावर असेल.